डावीकडची शीर

छकुलीचं वय सेहेचाळीस. शाळेत वरच्या वर्गांना भूगोल शिकवायची, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी असा तिचा धाक होता, स्वतःचा मुलगा कॉलेजात जात होता. पण आईच्या तोंडी ती अजून छकुलीच, आणि आई म्हणते म्हणून सगळ्यांच्याच तोंडी. तिच्याहून पाच वर्षांनी मोठ्या बहिणीला मात्र लाडाचं नाव कधी मिळालंच नाही. धाकटी जन्मली त्या दिवशी ती ताई झाली, ती झालीच. नातेवाइकांची ताई, शेजाऱ्यांची ताई, आणि ज्या मोठ्या इस्पितळात गेली सव्वीस वर्षं ती सीटी स्कॅनचं मशीन चालवत होती, तिथे बड्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ताईच. सत्तरीचा एक पेशंटसुद्धा तिला ताई म्हणाला, तेव्हा ती म्हणाली होती, आता फक्त मशीननं म्हणायचं राहिलंय.

ताई स्वभावाने वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणाचं वाकडं व्हावं असं तिला कधी वाटलं नाही. फक्त एका माणसाचं चांगलं झालेलं तिला बघवायचं नाही, आणि गंमत अशी, की त्याच माणसाचं वाईट झालेलंही तिला बघवायचं नाही, कारण वाईट झालं की आई त्या माणसाकडे धाव घ्यायची.

छकुली जन्मतःच हृदयात खोट घेऊन आली होती. वरच्या पडद्याला भोक होतं आणि फुप्फुसाकडून येणारी एक शीर भलत्याच कप्प्यात उघडत होती. सहाव्या वर्षी तिची छाती उघडून ते सगळं नीट केलं. ताई तेव्हा अकरा वर्षांची होती. त्या दिवसापासून घर एका बाजूला कललं ते कललंच. छकुलीला तळहातावरच्या फोडासारखं जपायचं, हा घराचा कायदा झाला. खिडकीजवळचा पलंग तिला. केर काढायचा नाही, कारण धूळ छातीत जाते. शाळेची दोन्ही दप्तरं ताईच्या खांद्यांवर. ताईला पाचवीत पहिला नंबर आला तर सायकल घेऊन देऊ, असं बाबांनी कबूल केलं होतं. नंबर आला, सायकल आली नाही. छकुलीला चालवता येणार नाही, तिला वाईट वाटेल, असं आईने समजावलं. ताईने समजून घेतलं. समजून घेणं हेच तिचं काम होतं. छकुलीच्या छातीवरचा तो उभा व्रण बघायला पाहुणे यायचे, आणि ताई त्यांच्यासाठी चहाचे कप घेऊन दारात उभी राहायची. त्या वयात तिने एकदा देवाकडे मागितलं होतं, की मलाही असलं काहीतरी दे, अगदी छोटं चालेल.

पुढे दोघींची लग्नं झाली, संसार झाले. बाबा गेले. सहा वर्षांपूर्वी ताईचा नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला लागला, आणि आई ताईकडे राहायला आली. तेव्हापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईच्या गोळ्या, तिची आंघोळ, तिचं पथ्य, तिचे दुखरे गुडघे, सगळं ताई करायची. आणि आई ताईच्या खुर्चीत बसून, ताईच्या फोनवरून, दिवसातून चार वेळा छकुलीला विचारायची की तू जेवलीस का. ताई जेवली का, हे विचारायची गरज नव्हती. ताई समोरच असायची.

त्या वर्षी सहामाही परीक्षेच्या आठवड्यात छकुली शाळेच्या जिन्यावर चक्कर येऊन पडली. कोपर खरचटलं, बाकी लागलं नाही. पण तपासणीत कळलं की हृदयाचे ठोके मधूनच चार-चार सेकंद थांबतात. लहानपणीच्या ऑपरेशनच्या जागी हृदयाला ठोके देणारी मूळ गाठ थकत चालली होती. पेसमेकर बसवायला लागणार होता. म्हणजे गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढी डबी ठेवायची आणि तिच्यातून निघणारी तार शिरेतून हृदयात नेऊन टेकवायची. हे काम करणाऱ्या डॉक्टरांना इस्पितळात सगळे तारवाले म्हणायचे. तारवाले सावध माणूस. चाळीस वर्षांपूर्वीचे ऑपरेशनचे कागद कुणाकडेच उरले नव्हते. ते इस्पितळच बंद पडलं होतं. तेव्हा आत काय काय शिवलंय ते कळावं म्हणून त्यांनी आधी छातीचा सीटी स्कॅन सांगितला. मंगळवारी स्कॅन, गुरुवारी सकाळी पेसमेकर.

हे ऐकल्यापासून आईने अन्न सोडल्यात जमा होतं. ताईने दोन दिवस तिला भरवलं. तिसऱ्या दिवशी छकुलीने फोनवरून दटावलं, तेव्हा आई निमूट जेवली. ताई वाटी विसळायला उठून गेली.

मंगळवारी ताईला तो स्कॅन दुसऱ्या कुणाकडे देता आला असता. पण छकुलीच्या शिरा लहानपणापासून सुया टोचून टोचून कामातून गेल्या होत्या, आणि असल्या हातात शीर शोधायची तर सबंध इस्पितळात ताईसारखी बोटं कुणाची नव्हती. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला छकुली त्या टेबलावर आडवी झालेली बघायची होती. का, ते तिला धड सांगता आलं नसतं.

कॉन्ट्रास्टचं, म्हणजे फोटोत शिरा पांढऱ्या उमटवणारं, औषध त्यांच्या विभागात नेहमी उजव्या हातातून सोडायचे. त्याने चित्र स्वच्छ येतं. छकुलीच्या उजव्या हाताने दाद दिली नाही. ताईने दोनदा प्रयत्न केला, मग पट्टा सोडून डावा हात पुढे घ्यायला सांगितला. तिथे कोपराच्या आत एक बारीकशी शीर लागली. छकुली डोळे मिटून पडली होती. ती म्हणाली की तुझा हात लागला की दुखत नाही. ताईने सुईवर पट्टी चिकटवली. तिला तेही खुपलं. दुखत नाही म्हणायलासुद्धा हिला इतकं छान जमतं.

ताई काचेच्या पलीकडे आपल्या खुर्चीत जाऊन बसली. आता या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. औषध हातातून निघून छातीत पोहोचलं की त्या क्षणी खरा स्कॅन सुरू करायचा असतो. ते पोहोचलं का, हे बघायला मशीन आधी छातीच्या एकाच पातळीवरचा एक फिकट, छोटा फोटो दर सेकंदाला काढत राहतं. हे फोटो फक्त मशीन चालवणाऱ्याच्या सोयीचे. डॉक्टर सहसा ते उघडतही नाहीत. औषधामागून सलाइनचं पाणी जोरात ढकललेलं असतं, त्यामुळे खरा स्कॅन होईपर्यंत हाताकडच्या शिरा पुन्हा धुऊन निघून राखाडी झालेल्या असतात.

ताई त्या फिकट फोटोंकडे बघत होती. औषध डाव्या हातातून आलं. आता ते छातीच्या वरच्या भागातून आडवं उजवीकडे जायला हवं होतं आणि उजवीकडची मोठी शीर उजळायला हवी होती. डोक्याकडचं आणि हातांकडचं सगळं रक्त त्याच एका शिरेतून हृदयात उतरतं. पण उजवीकडचा गोल काळाच राहिला. महाधमनीच्या डाव्या बाजूला, जिथे काहीच असायला नको तिथे, एक टिकलीएवढा ठिपका पांढराशुभ्र पेटला. एक सेकंद, दोन, तीन, चार. मग तो विझला, मशीनने हुकूम घेतला आणि खरा स्कॅन सुरू झाला.

तिला ते ओळखायला वेळ लागला नाही. सव्वीस वर्षांत तिने ते तीनदा पाहिलं होतं. आईच्या पोटात असताना प्रत्येकालाच डावी-उजवी अशा दोन मोठ्या शिरा असतात. डावी जन्माआधी विरून जाते, उजवी राहते. हजारात तीन-चार माणसांची डावी जायचं विसरते. ती सरळ खाली उतरून, हृदयाला मागून वळसा घालून आत उघडते. बहुतेकांना तिचा काही त्रास नसतो, जन्मभर पत्ताही लागत नाही. पण डावीकडून तार घालायची असली तर गोष्ट वेगळी. तार नेहमीच्या वाटेने न जाता त्या मागच्या अरुंद वळणात शिरते, तिथे अडते, तासन् तास जातात, आणि जोर लावला तर पातळ भिंत फाटूही शकते. आणि पेसमेकर तर नेहमी डावीकडूनच बसवतात.

ताईच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते काळजीचं नव्हतं. पहिल्यांदा आलं ते हे, की हिला आणखी एक. भोक हिला, भलतीकडे उघडणारी शीर हिला, व्रण हिला, आणि आता जगात हजारात तिघांनाच मिळते ती चीजही हिलाच. आता पुन्हा डॉक्टर गोळा होतील, पुन्हा पाहुणे येतील, आई पुन्हा देवासमोर बसेल, आणि चहाचे कप पुन्हा माझ्याच हातात. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकावन्न वर्षांची बाई काचेआड बसून आपल्या बहिणीच्या शिरेवर जळत होती, आणि बहीण काचेपलीकडून मान वळवून तिच्याकडेच बघत होती.

ताईने बटण दाबून नेहमीच्या आवाजात सांगितलं की झालं, आता श्वास घेतला तरी चालेल.

स्कॅन वाचणारे डॉक्टर चष्म्याच्या जाड काचांमुळे सगळ्यांच्या तोंडी दुर्बीण होते. माणूस हुशार, पण त्या दिवशी त्यांच्यासमोर सत्तर स्कॅन पडलेले. ताईचं काम फोटो काढायचं, वाचायचं नाही. पण काही वेगळं दिसलं की ती त्यांच्या खोलीत जाऊन सांगायची आणि ते ऐकायचेही. त्या दिवशीही ती दारापर्यंत गेली. ते फोनवर होते. तिने एक मिनिट वाट पाहिली आणि परत फिरली. एरवी ती अर्धा तास उभी राहिली असती.

घरी आई दारातच बसली होती. काय दिसलं, असं तिने विचारलं. ताई चपला काढत म्हणाली की सगळं ठीक दिसतंय.

"तुला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली. "तू बटण दाबणार. डॉक्टर बघतील तेव्हा खरं."

आईच्या मनात काही नव्हतं. काळजीने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, इतकंच. पण ताईच्या अंगावर जणू उकळतं पाणी पडलं. बरं, मग डॉक्टरच बघू देत, असं तिने मनाशी म्हटलं आणि तिने मूग गिळले. भाजी चिरताना, आईच्या गुडघ्यांना तेल लावताना, अंथरूण घालताना तो पांढरा ठिपका तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता, आणि प्रत्येक वेळी ती स्वतःला सांगत होती की मला कुठे काय कळतंय त्यातलं.

बुधवारी सकाळी दुर्बिणींचा रिपोर्ट आला. ताईने तो दोनदा वाचला. जुन्या ऑपरेशनची शिवण व्यवस्थित. महाधमनीच्या डावीकडे लहान गाठीसारखी सावली, महत्त्वाची वाटत नाही. बाकी मोठ्या शिरा नेहमीसारख्या. धुऊन निघालेली ती राखाडी शीर त्यांना गाठ वाटली होती. तसं कुणालाही वाटलं असतं. ती गाठ नाही, हे जगात आता एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस चहा पीत होतं.

ताईला वाटलं होतं की बरं वाटेल. छकुली एकदाची चारचौघींसारखी झाली, नेहमीसारखी, असं खुद्द डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. पण बरं वाटलं नाही. आणि तेव्हा तिच्या डोक्यात एक अजब विचार आला. एका आईच्या पोटच्या दोघी. हिची राहिली, तर माझीही राहिली नसेल कशावरून? आपल्याला कुणी कधी तपासलंच कुठे? आणि तसं निघालं, तर मग हिचं सांगून टाकायला काहीच हरकत नाही. दोघींचं एकदमच सांगू.

हृदयाची सोनोग्राफी करणारी तिची मैत्रीण होती. तिला सगळे इकोवाली म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत ताई तिच्या खोलीत गेली आणि म्हणाली की मला डाव्या हातातून बुडबुड्यांची तपासणी करून हवी आहे, कारण विचारू नकोस. इकोवालीने दार लावून घेतलं. ताईने आपल्या डाव्या हातात सुई स्वतःच घातली. इकोवालीने दोन सिरिंजांमधून सलाइन इकडून तिकडे ढकलून त्याचा फेस केला आणि आत सोडला. डावी शीर राहिलेली असेल तर ते बुडबुडे हृदयामागच्या वळणात आधी चमकतात, मग कप्प्यात येतात.

ताई मान वाकडी करून पडद्याकडे बघत राहिली. श्वास रोखून. अकरा वर्षांची असताना देवाकडे जे मागितलं होतं तेच ती पुन्हा मागत होती, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

बुडबुडे सरळ उजवीकडच्या कप्प्यात आले. मागचं वळण काळं राहिलं. इकोवालीने पुन्हा एकदा केलं. पुन्हा तसंच.

इकोवाली खुशीत येऊन म्हणाली की पुस्तकात छापावं असं हृदय आहे तुझं, कुठे म्हणून काही नाही, शंभर वर्षं जगशील. आणि ताई टेबलावर उठून बसली आणि रडायला लागली. इकोवाली गोंधळली. तिला वाटलं आनंदाने रडतेय. तिने पाण्याचा पेला दिला, पाठीवर हात फिरवला.

रडता रडता ताईला स्वतःचीच शिसारी आली. आपण काय मागायला इथे आलो, हे तिला आता उघड्या डोळ्यांनी दिसलं. उद्या सकाळी नऊ वाजता आपल्या बहिणीच्या छातीत तार घालणार आहेत, आणि आपण इथे रोगाचा वाटा मागत बसलोय. तिने हातावरचा कापूस दाबून धरला, बाही खाली ओढली आणि निघाली. तरीही ती थेट दुर्बिणींकडे गेली नाही. दुपारचे अकरा पेशंट राहिले होते. ते तिने एकेक करून उरकले. सांगायचं हे ठरलं होतं, पण सांगितल्यावर छकुलीभोवती जमणारी गर्दी तिला आत्ताच दिसत होती. शेवटचा पेशंट गेला तेव्हा पाच वाजून गेले होते.

तिने दुर्बिणींना कालचे फिकट फोटो उघडायला सांगितले. त्यांनी ते एकामागून एक पाहिले. ठिपका पेटला तिथे थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. चष्मा काढून पुसला. मग त्यांनी खरा स्कॅन उघडून ती राखाडी गाठ वरून खालपर्यंत पारखली. गाठ कुठे संपेचना. ती लांबच लांब खाली उतरत हृदयामागे गेली.

"हे माझ्या हातून सुटलं," ते म्हणाले. "ताई, तुम्हाला कधी लक्षात आलं?"

"कालच. फोटो येत होते तेव्हाच."

"मग काल का नाही सांगितलंत?"

ताईने तोंड उघडलं. जे सांगायचं होतं ते ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. ती एवढंच म्हणाली, "माझी बहीण आहे ती."

डॉक्टरांचा चेहरा मऊ झाला. ते म्हणाले की समजू शकतो, घरच्या माणसाचं असलं की आपलाच आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. आणि त्यांनी तारवाल्यांना फोन लावला. ताई खाली बघत उभी राहिली. कुणी तिला शिव्या घातल्या असत्या तर त्या तिने सहज झेलल्या असत्या. ही समजूत तिला झेलवेना. पण ती खोडून काढायचं धाडसही तिला झालं नाही.

गुरुवारी तारवाल्यांनी तार उजवीकडून घातली. चाळीस मिनिटांत काम झालं. बाहेर येऊन त्यांनी छकुलीच्या नवऱ्याला आणि आईला सांगितलं की डावीकडून गेलो असतो तर आज फार अवघड गेलं असतं, सीटीवाल्या ताईंचे आभार माना. नवऱ्याने ताईचे हात धरले. आईने डॉक्टरांनाच हात जोडले, मग ताईकडे बघून म्हणाली की छकुलीला शुद्ध आली असेल, आत जाऊन बघ गं तिला काही हवं का. शुक्रवारी डॉक्टरांच्या बैठकीत दुर्बिणींनी ते फोटो मोठ्या पडद्यावर दाखवले. चूक माझी आणि नजर ताईंची, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. टाळ्या पडल्या. जन्मात पहिल्यांदा ताईसाठी टाळ्या पडल्या, आणि तिला कुठे तोंड लपवावं कळेना.

त्या संध्याकाळी ती छकुलीच्या खोलीत गेली. नवरा आईला घरी सोडायला गेला होता. छकुली उशांना टेकून बसली होती, उजवा हात झोळीत. तिने ताईला खुर्ची दाखवली आणि म्हणाली की शाळेतल्या सगळ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीने माझा जीव वाचवला.

ताई बसली नाही. "तसं नाही ते," ती म्हणाली. "मला मंगळवारीच दिसलं होतं. मी दीड दिवस गप्प बसले."

छकुलीने हातातला फोन उशाशी ठेवला. मग म्हणाली, "माहीत आहे मला."

तिने सांगितलं ते असं. टेबलावर पडल्या पडल्या तिने काचेतून ताईचा चेहरा पाहिला होता. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. लहानपणी बाबांनी तिला जिन्यावरून उचलून वर नेलं की मागून चढणाऱ्या ताईचा चेहरा असाच व्हायचा. तेव्हाच तिला कळलं की आत काहीतरी निघालंय, आणि ताई ते सांगणार नाही.

"मग विचारलं का नाहीस मला?" ताईचा आवाज फुटला.

"वाट बघत होते. म्हटलं, बघू सांगते का."

"आणि सांगितलंच नसतं तर?"

"तर गुरुवारी सकाळी तारवाल्यांना म्हटलं असतं, आधी माझ्या बहिणीला बोलवा. मी काही हौतात्म्य पत्करायला बसले नव्हते." छकुलीने डोळे मिटले. "पण बुधवारचा सबंध दिवस गेला ना ताई. सकाळ गेली, दुपार गेली. मी दर तासाला फोन बघत होते. तो दिवस काही मला विसरता यायचा नाही. तू आता जा. आज नको बसूस."

ताई गेली. बाहेर लिफ्टची वाट न बघता पाच मजले जिन्याने उतरली.

त्यानंतर तीन आठवडे छकुली तिच्याशी बोलली नाही. आईच्या फोनवर बोलायची, आई फोन पुढे करायची तर शाळेची घंटा झाली म्हणायची, रजेवर घरी असूनसुद्धा. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती शेजारणीला खुर्चीत बसवून सांगायची की माझ्या छकुलीला एक शीर जास्त आहे, लाखात एखाद्याला असते. हजारात, असं ताई आतून म्हणायची. शेजारीण विचारायची, आणि मोठीला? मोठीला काय धाड भरलीय, असं आई कौतुकाने म्हणायची. ते कौतुक होतं, हे ताईला पहिल्यांदाच ऐकू आलं. पण म्हणून ते कमी बोचलं असं नाही.

चौथ्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, फोन वाजला. ताईच्याच नंबरावर. छकुली म्हणाली की आईला देऊ नकोस, तुझ्याशीच काम आहे. उजवा हात खांद्याच्या वर न्यायला अजून दोन आठवडे मनाई होती. नवऱ्याला वेणी घालता येत नाही, तो रोज केसांचा सुतळीचा गुंता करून ठेवतो, आणि सोमवारपासून शाळा आहे. येशील का?

ताई गेली. छकुली स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाठमोरी बसली. ताईने फणी घेतली आणि खालून वर हळूहळू गुंता सोडवायला लागली. मग छकुलीने, वळून न बघताच, विचारलं की तू स्वतःची तपासणी करून घेतलीस म्हणे. इकोवाली माझ्या नवऱ्याला भेटली होती, तिनेच त्याला सांगितलं. काय निघालं?

"काही नाही. पुस्तकात छापावं असं हृदय आहे म्हणाली."

"आणि रडलीस."

"रडले."

छकुलीच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. ताईने घाबरून पुढे वाकून पाहिलं, तर ती हसत होती. हसताना टाक्यांची जागा ओढत होती म्हणून डाव्या हाताने छाती दाबून धरत होती. ताईला आधी राग आला. मग तिलाही हसू आवरेना. फणी हातातून खाली पडली.

फणी उचलून ती पुन्हा विंचरायला लागली. छकुलीचे केस कमरेपर्यंत होते, हाताच्या मुठीत न मावणारे. ताईचे तर चाळिशीतच विरळ झाले होते.

"या वयात इतके दाट केस," ताई म्हणाली. "बघून जळायला होतं मला, खरंच सांगते."

"जळ," छकुली म्हणाली. "पण मोठ्याने जळत जा. आणि घट्ट घाल वेणी, दुपारपर्यंत सुटते."

ताईने केसांचे तीन पेड केले आणि घट्ट ओढले.